ट्रंकेतले दफ्तर

'रेकॉर्ड' हा शब्द आमच्या नगर जिल्ह्यात दोन अर्थांनी रूढ आहे, आणि दोन्ही अर्थी तो इतका मुरला आहे की तो परभाषेतून आला याची कोणाला आठवणही होत नाही. जिल्ह्याच्या कचेरीत किंवा तालुक्याच्या तहसिलीत 'रेकॉर्ड काढा' असा हुकूम झाला म्हणजे फडक्यात बांधलेले रुमाल सुटतात आणि फेरफाराच्या नोंदी, इनामांच्या कैफियती, जमाबंदीचे पिवळे कागद उजेडात येतात. आणि माळीवाड्यातल्या किंवा चितळे रस्त्यालगतच्या एखाद्या जुन्या घरात कोणी वृद्ध गृहस्थाने तेच शब्द उच्चारले म्हणजे खाटेखालची पत्र्याची ट्रंक ओढली जाते आणि काळ्या, जड, हाताला गार लागणाऱ्या तबकडीवरचे कागदी वेष्टन अलगद उतरवले जाते. पहिल्या दफ्तराच्या रक्षणासाठी सरकार आहे, कायदा आहे, पगारी कारकून आहेत. दुसऱ्याला ना शिक्का, ना सनद. ते एकेका रसिकाने आपल्या बेताच्या मिळकतीतून, घरखर्चाची तोंडमिळवणी करून, एकेक तबकडी आणून उभे केलेले आहे. नगरचे आता अहिल्यानगर झाले, सरकारी दफ्तरांवरचे नाव बदलले. परंतु या दुसऱ्या दफ्तराची हकिगत कोणीच लिहून ठेवलेली नाही, म्हणून तिचा मला उमगला तेवढा भाग येथे नोंदवण्याचे मनात आहे.

उच्चारलेली वाणी विरून जाऊ नये म्हणून कोणी तरी जवळ बसून ती टिपून घ्यावी, ही कल्पना या भूमीला मुळीच नवी नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, प्रवरेच्या काठी नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी गीतेचे निरूपण केले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले. ज्या खांबाला टेकून ते निरूपण झाले असे मानतात त्या खांबापुढे आजही माणसे मस्तक ठेवतात, आणि लिहून घेणाऱ्याचे नाव सांगणाऱ्याच्या नावापाठोपाठ आदराने घेतात. परंतु लेखणीला शब्द धरता येतो, स्वर धरता येत नाही. ती ओवी कोणत्या ढाळ्यावर म्हटली गेली, विसावा कोठे होता, कंठ कोठे दाटला, हे त्या थोर लेखकालाही आपल्यासाठी ठेवता आले नाही. संगमनेरच्या अनंत फंदीची (१७४४–१८१९) कवने आपल्याकडे आली, पण ज्या आवाजावर माणसे जागच्या जागी खिळून राहत तो आवाज त्याच्याबरोबरच गेला. ही उणीव भरून निघायला एकोणिसाव्या शतकाचा शेवट यावा लागला.

एडिसनने १८७७ मध्ये आवाज साठवणारे यंत्र सिद्ध केले, १८८७ मध्ये बर्लिनर याने नळकांड्याच्या जागी सपाट तबकडी आणली, आणि १९०२ च्या अखेरीस ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास येऊन दाखल झाला. गायिका गोहरजानचे गाणे त्याने मुद्रित केले ते याच मुक्कामात. त्या वेळी मूळ ठसे जर्मनीतील हॅनोव्हर येथे पाठवून तेथे तबकड्या छापून आणाव्या लागत, आणि तेथील कारागिरांना हा ठसा कोणाचा हे ओळखता यावे म्हणून गाणे संपताच गायकाने आपले नाव मोठ्याने उच्चारावे, असा परिपाठ होता. जुन्या तबकडीच्या शेवटी भैरवीचा षड्ज हवेत असतानाच गाणाऱ्या व्यक्तीने घाईघाईने स्वतःचे नाव सांगितलेले ऐकू येते, तेव्हा मला जुन्या खतपत्रांच्या तळाशी केलेल्या स्वदस्तुराची आठवण येते: हे मी गायिले, हे माझे आहे, याची ती साक्षच असते. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यास सियालदह येथे कारखाना निघाला आणि १९२८ मध्ये तो डमडमला मोठ्या स्वरूपात उभा राहिला. तबकडी घडत असे ती मुख्यतः लाखेची; तीत दगडाची भुकटी आणि काजळी मिसळलेली असे. ज्या लाखेने आपल्याकडे शतकानुशतके खलित्यांवर मोहोर उठवली, बांगड्या घडवल्या, तीच लाख आता कंठाचा ठसा घेऊ लागली.

नगरला हा माल आला तो रेल्वेने. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला होता, त्यामुळे एका बाजूने पुणे-मुंबईशी आणि दुसऱ्या बाजूने खानदेश-वऱ्हाडाशी शहराचा संबंध जुळलेला होता. नाटक मंडळ्या याच मार्गाने आपले पडदे घेऊन येत, आणि मंडळी पुढच्या मुक्कामाला गेल्यावर तिची पदे मागे ठेवून जाणारी वस्तू म्हणजे तबकडी. बालगंधर्वांचे (१८८८–१९६७) नाटक वर्षा-दोन वर्षांतून एकदा पाहायला मिळाले तरी भाग्य मानणारा गृहस्थ त्यांची तबकडी घरी आणी, ती यासाठीच की त्या एका रात्रीचा आनंद पुन्हा पुन्हा उसना घेता यावा. लोक या यंत्राला 'फोनो' म्हणत. उजव्या अंगाची चावी फिरवायची, साउंडबॉक्सला नवी पिन लावायची, तबकडी मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेऊ लागली म्हणजे श्वास रोखून पिन कडेला टेकवायची. आधी खरखर, आणि मग त्या खरखरीतून पहाटेच्या धुक्यातून देवळाचा कळस वर यावा तसा आवाज वर येई. पोलादी पिन एका बाजूपुरतीच वापरावी असा दंडक होता. पण पिनांची डबी विकत घेणेही जिवावर येई अशा घरांत तीच पिन चार-चार गाण्यांना पुरवली जाई, आणि त्याची किंमत तबकडीला मोजावी लागे.

तबकडीवरच्या चिठ्ठीवरूनच ओळख पटे. आरंभीच्या मुद्रिकांवर लेखणी हाती घेतलेला देवदूत असे; पुढे कर्ण्यापुढे मान तिरपी करून बसलेला कुत्रा आला आणि निरक्षर माणूसही 'कुत्र्याची रेकॉर्ड' म्हणून ती मागू लागला. त्याखेरीज ओडियन, कोलंबिया, आणि १९३५ पासून मुंबईत वडाळ्याला छापली जाणारी यंग इंडिया, अशा निरनिराळ्या कंपन्यांच्या मुद्रिका एकाच ट्रंकेत एकमेकींना लागून बसत. एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचा अवकाश. मैफलीत तासभर चालणारा ख्याल तेवढ्यात बसवायचा म्हणजे गवयाची कसोटीच. १९२५ नंतर विजेच्या साह्याने मुद्रण होऊ लागण्यापूर्वी तर त्याला कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून गावे लागे. तथापि या संकोचाचाच एक लाभ झाला. ज्या गावी मोठा गवई कधी फिरकणार नव्हता तेथील माणसाला रागाचे रूप तीन मिनिटांत, जणू तळहातावर काढलेल्या नकाशासारखे, पाहता आले. अब्दुल करीम खाँसाहेबांची (मृत्यू १९३७) झिंझोटीतील ठुमरी ऐकून गदगचा एक शाळकरी मुलगा गाण्याच्या शोधात घर सोडून निघाला आणि पुढे भीमसेन जोशी झाला, हे सर्वश्रुत आहे. परंतु घर न सोडता, तीच तबकडी ऐकत, सकाळी कचेरीत जाऊन संध्याकाळी परत येणारी जी असंख्य माणसे होती, त्यांच्याही आयुष्यात तिने काही तरी घडवलेच असले पाहिजे. त्यांचा इतिहास त्यांच्या ट्रंकांतच आहे.

अशी एक ट्रंक माझ्या वाट्याला आली. माझे आजोबा नगरला कारकून होते, आणि दिवसभर सरकारी रेकॉर्ड सांभाळणाऱ्या त्या माणसाने रात्री आपले रेकॉर्डही त्याच शिस्तीने सांभाळले. ट्रंकेत तबकड्या उभ्या लावलेल्या आहेत, आडव्या नाहीत. आडव्या ठेवल्या तर उन्हाळ्यात खालच्या वाकतात, हे नगरच्या वैशाखाने त्यांना शिकवले होते. प्रत्येकीला वर्तमानपत्राच्या कागदाचे हातशिलाईचे वेष्टन आहे. ट्रंकेच्या झाकणाला आतून कापडी पिशवी शिवलेली आहे आणि तीत एक लांबट, लाल पुठ्ठ्याची वही आहे. वहीत सदरे आखली आहेत: अनुक्रम, खरेदीची तारीख, गायक, राग अथवा नाटक, दाम, शेरा. शेऱ्यात मोजकेच शब्द असतात. 'उत्तम', 'दुसरी बाजू सामान्य', 'आवाज पडलेला', आणि हिराबाई बडोदेकरांच्या (१९०५–१९८९) एका मुद्रिकेपुढे नुसता 'स्वच्छ'. हिराबाईंच्या स्वरलगावाविषयी पुढे मी जे पुष्कळ वाचले त्यात या एका शब्दाइतके नेमके मला क्वचितच सापडले.

त्या फेरिस्तीवरून एका साध्या नगरी रसिकाच्या अभिरुचीचा विस्तार ध्यानात येतो. आरंभी नाटकाची पदे, मग ख्याल-ठुमरी, मग १९३० नंतरच्या दशकात भावगीत. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांच्या कंठातून तबकडीवर आली आणि गायनाच्या एका नव्या प्रकाराला घराघरांत प्रवेश मिळाला, त्याची नोंद वहीत आहे. त्यानंतर बोलपटांचा भर येतो, आणि येथे आजोबांच्या अक्षराला किंचित अभिमानाचा कल आहे; कारण प्रभातच्या 'माणूस' (१९३९) आणि 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) या बोलपटांचा नायक शाहू मोडक हा नगरला जन्मलेला. नेवाशाला वाणी उमटली, आणि साडेसहा शतकांनी त्याच जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती घरातला मुलगा पडद्यावर ज्ञानेश्वर झाला, याचे अप्रूप त्या पिढीला पुरेपूर होते.

संग्रहात काय आहे हे सांगताना काय नाही हेही सांगितले पाहिजे. अल्लादिया खाँसाहेब (१८५५–१९४६) आणि भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांची एकही तबकडी या किंवा कोणत्याही ट्रंकेत सापडणार नाही, कारण त्यांचा आवाज मुद्रितच झाला नाही. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी मात्र १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीत अंतराळात गेली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, केसरबाईंनी देह ठेवला. गुरूचा आवाज पृथ्वीवरही नाही आणि शिष्येचा आवाज सूर्यमालेच्या पलीकडे निघाला आहे. काय टिकावे आणि काय जावे याचा निवाडा किती लहान गोष्टींवर ठरतो, हे ध्यानी आले म्हणजे साधी ट्रंक उघडतानाही हात जपून चालतो.

नगरच्या श्रवणाच्या इतिहासात आणखी दोन स्थळे आहेत. पहिले भुईकोट किल्ला. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे पुढारी तेथे स्थानबद्ध झाले, आणि मौलाना आझादांनी त्या कैदेत जी न पाठवलेली पत्रे लिहिली व जी पुढे 'गुबारे खातिर' या नावाने ग्रंथरूप झाली, त्यांपैकी एक दीर्घ पत्र संगीतावर आहे. तारुण्यात सतार कशी शिकलो आणि चांदण्या रात्री ताजमहालापाशी ती कशी वाजवली, हे त्यांनी भिंतींच्या आत बसून आठवले आहे. जवळ वाद्य नसलेल्या माणसाचा तो संग्रह केवळ स्मृतीचा.

दुसरे स्थळ शहराच्या दक्षिणेस अरणगावजवळचे मेहेराबाद. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी तेथे मौन धरले ते अखेरपर्यंत सोडले नाही. ज्यांनी जवळजवळ चव्वेचाळीस वर्षे आपला आवाज उमटू दिला नाही, त्यांना दुसऱ्यांच्या आवाजाची, गझल-कव्वालीची आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांची विलक्षण आवड होती. ३१ जानेवारी १९६९ रोजी मेहेराझाद येथे त्यांचे निधन झाले, आणि मेहेराबादच्या टेकडीवरील समाधीत त्यांचा देह दर्शनासाठी सात दिवस ठेवलेला असताना, त्यांच्याच इच्छेप्रमाणे, कोल पोर्टर या अमेरिकी संगीतकाराच्या 'बिगिन द बेगीन' या गीताची तबकडी तेथे पुनःपुन्हा लावण्यात आली. त्या बोडक्या माळावर, दर्शनाला आलेल्या शेतकऱ्यांच्या आणि दूरदेशच्या भक्तांच्या रांगेवरून ते परके स्वर वाहत गेले असतील, तो क्षण नगरच्या संगीतेतिहासातला एक असाधारण क्षण म्हटला पाहिजे. दोनच वर्षांनी, १९७१ मध्ये, बाबांचे भक्त पीट टाऊनशेंड यांच्या 'द हू' या इंग्रज वाद्यवृंदाच्या 'हूज नेक्स्ट' या संचात पहिल्याच गीताच्या नावात 'बाबा' हा शब्द आला. जगभरच्या रसिकांच्या फळ्यांवर तो संच आहे, आणि अशा रीतीने आमच्या अरणगावच्या माळाचा एक धागा त्या अनोळखी माणसांच्या संग्रहांत गुंफलेला आहे.

चावीच्या फोनोचा काळ ओसरला तो क्रमाक्रमाने. १ एप्रिल १९५५ पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले, छप्पन्न गीतांचे ते सत्र वर्षभर चालले, आणि ऐकण्यासाठी विकत घ्यावेच लागते असे नाही हे घरोघर कळले. पण तीच गीते पुढे ध्वनिमुद्रिकांवर आली तेव्हा लोकांनी ती विकतही घेतली, कारण ऐकणे आणि जवळ असणे या दोन तृप्ती निराळ्या आहेत. प्रवरेच्या आणि गोदावरीच्या काठी १९५० नंतर सहकारी साखर कारखाने उभे राहिले, उसाचा पैसा आला, लग्नाच्या मांडवावर कर्णे चढले, जत्रेतल्या तंबूच्या सिनेमाने खेळापूर्वी गाणी लावून माणसे बोलावली. लांब वाजणाऱ्या मुद्रिका आल्या, १९७० च्या सुमारास अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या निघेनाशा झाल्या, मग कॅसेट आली, आणि खाटेखालच्या ट्रंका माळ्यावर गेल्या. घराची वाटणी झाली म्हणजे जमिनीचा, भांड्यांचा, दागिन्यांचा तपशील लिहिला जाई. तबकड्या मात्र कोणाच्याच हिश्शात धरल्या जात नसत. काही भंगारात वजनावर गेल्या, काही मुलांनी अंगणात भिरकावल्या. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली, सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक चालवून विखुरलेल्या संग्राहकांना एकत्र आणले, त्यामुळे पुष्कळ वाचले. त्या मंडळींचे ऋण मोठे आहे.

आज कोणी म्हणेल, की त्यांतली बहुतेक गाणी आता यंत्रात चढवलेली सापडतात, मग या जड तबकड्या जपण्याचे प्रयोजन काय? मीही एकदा हा प्रश्न स्वतःला विचारला होता, आणि त्याचे उत्तर मला ट्रंकेतल्या खाँसाहेबांच्या झिंझोटीच्या तबकडीने दिले. ती उन्हात तिरपी धरली तर कडेचा दोन बोटे रुंदीचा भाग अजून काळाभोर, चकचकीत दिसतो. त्यानंतर मात्र एक राखाडी कडे आहे, पोलादी पिनेने खरवडलेले, आणि त्यापुढे पुन्हा चकाकी. अर्थात कोणी तरी पिन उचलून त्याच एका जागी, त्याच एका आलापीवर, शेकडो वेळा ठेवली आहे. आजोबांना गाता येत नसे. मग हे कोणी केले? वहीच्या शेवटच्या पानांवर, ज्यांकडे मी तोवर लक्षच दिले नव्हते, आणखी एक सदर निघाले: 'उसनवार'. नाव, पेठ, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख. झिंझोटीची ही तबकडी माळीवाड्यातल्या एकाच घरी सात वेळा गेलेली आहे. एकदा तर पूर्ण चातुर्मास तेथेच होती. त्या घरात कोणी तरी गाणे शिकत होते. गुरू मिळाला नाही, म्हणून तबकडीपुढे बसून एक जागा घोटून घोटून गळ्यावर चढवली जात होती. त्या राखाडी कड्यात त्या अनामिक शिष्याच्या साधनेचा ठसा आहे, आणि तो दुसऱ्या कोणत्याही प्रतीत, कोणत्याही यंत्रात मिळणार नाही.

तेव्हापासून मी या संग्रहाकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. मालकी एकाची होती, दाम एकाने मोजला होता. परंतु उसनवारीच्या त्या चार पानांत दाळमंडईतला व्यापारी आहे, शाळामास्तर आहे, भिंगारच्या छावणीतला एक शिपाई आहे, आणि 'पलीकडच्या काकू' एवढ्याच नावाने नोंदलेली एक विधवा बाई आहे, जी दर वेळी केवळ अभंगाची तबकडी नेत असे आणि एकादशी झाली की परत पाठवीत असे. ज्याला आपण एका माणसाचा छंद म्हणतो ते वस्तुतः एका आळीच्या कानाचे दफ्तर होते; तो माणूस त्याचा धनी कमी आणि दफ्तरदार अधिक होता. म्हणून माझी विनंती एवढीच, की ज्यांच्या घरी अशी ट्रंक असेल त्यांनी तबकड्या कोणा जाणत्याच्या किंवा संस्थेच्या स्वाधीन करताना वही निराळी करू नये, आणि वही नसेल तर घरातील वडील माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून ती लिहून घ्यावी. सांगणारा आहे तोवर लिहून घेणारा हवा, हे या जिल्ह्याने सातशे वर्षांपूर्वीच शिकवले आहे.

वहीतली एक नोंद अजून उघडी आहे. बालगंधर्वांच्या पदाची एक तबकडी १९४८ च्या श्रावणात पलीकडच्या काकूंकडे गेली; एरवी अभंगाखेरीज काही न नेणाऱ्या त्या बाईने ही एकदाच मागून नेली, आणि परत आल्याची तारीख मोकळीच राहिली. आजोबा त्यानंतर कितीतरी वर्षे हयात होते, दोन घरांमध्ये एक भिंत होती, आणि प्रत्येक चुकार तबकडीचा तगादा लावल्याची टीप वहीत असताना या एकीपुढे मात्र तगादा नाही. शेऱ्याच्या जागी त्यांच्या वळणदार मोडीत दोनच शब्द आहेत: 'राहू द्यावी'. मीही ती नोंद तशीच ठेवली आहे.